काका, मामा, लाला कामाला: रोज एक कोडं सोडवायला लागताना

आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर एक कोडं असतं. सासूबाई शब्दकोड्यात रमतात, लेकीला आकडे आवडतात आणि मला "यातलं कोण खरं बोलतंय?" छापाची कोडी. पाहुणे आले की त्यांनाही ओढतो, आणि दहांतले आठ जण सुरुवातीलाच हात झटकतात: "माझं डोकं या बाबतीत चालत नाही हो." इतक्या वर्षांत मला दिसलंय ते वेगळंच. बहुतेकांचं डोकं उत्तम चालतं, घाई होते ती वाचताना. म्हणून हा लेख नव्याने कोड्यांकडे वळणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातला मोठा भाग सोडवण्यापेक्षा वाचण्याबद्दल आहे.

वही, पेन्सिल आणि वीस मिनिटं

शाळेतली चौकटीची वही घ्या. तक्ते, सुडोकू, शब्दकोडी, उभी बेरीज, सगळं तिच्यात नीट बसतं. पेन नको, पेन्सिल हवी, कारण कोड्यात "असं धरून बघू" हे पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि पेनाने लिहिलेलं पुसता येत नाही. मोबाइलवर सोडवत असाल तरी शेजारी एखादा पाठकोरा कागद असू द्या.

वेळ ठरलेली ठेवा, पण वीस मिनिटांच्या वर नको. सुटलं नाही तर वही मिटून कामाला लागा. भाजी चिरताना किंवा लोकलमध्ये उभं असताना अडलेली गाठ आपोआप सुटते, हा अनुभव तुम्हालाही येईल. मात्र त्यासाठी कोडं आधी डोक्यात नीट शिरलेलं असायला हवं.

आधी वाक्यातून सगळं काढून घ्या

एक साधं तर्काचं कोडं घेऊ. तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एकच घर. मीनल, शबाना आणि रेखा तिथे राहतात. दिवाळीला एकीने चकली केली, एकीने करंजी, एकीने शंकरपाळी. माहिती एवढीच:

१. शबाना चकली करणारीच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहते.
२. रेखा पहिल्या मजल्यावर राहत नाही, आणि तिच्याकडे चकलीही झाली नाही.
३. करंजी तिसऱ्या मजल्यावर झाली नाही.

नवा माणूस पहिलं वाक्य वाचतो, "शबाना वर, चकली खाली" एवढं लक्षात ठेवतो आणि पुढे जातो. थांबा. त्या एका वाक्यात आणखी तीन गोष्टी आहेत. शबानाने चकली केलेली नाही. शबाना पहिल्या मजल्यावर असू शकत नाही, कारण तिच्या खाली कोणीतरी राहतं. आणि चकली तिसऱ्या मजल्यावर असू शकत नाही, कारण तिच्या वर शबाना आहे. वहीत तीन नावं उभी लिहा, मजले आणि पदार्थ आडवे लिहा, आणि जे शक्य नाही तिथे फुली मारा. पहिल्या दोन वाक्यांतच पहिल्या मजल्याखाली शबाना आणि रेखा दोघींसमोर फुल्या पडतात, म्हणजे तिथे मीनल. चकलीखालीही त्याच दोघींसमोर फुल्या, म्हणजे चकलीही मीनलचीच. तिच्या बरोब्बर वर शबाना, म्हणून शबाना दुसऱ्या मजल्यावर आणि रेखा तिसऱ्या. करंजी तिसऱ्यावर नाही, तेव्हा ती शबानाची आणि शंकरपाळी रेखाची.

यात हुशारीची गरज कुठेच पडली नाही. "नाही" हा शब्द फुकट जाऊ दिला नाही, एवढंच. तर्काच्या कोड्यात नकार हीच खरी मिळकत असते.

खरे आणि खोटे

दुसरा प्रकार माझा लाडका. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांनी तो जगभर लोकप्रिय केला, पण मराठीत त्याला फार छान घर मिळतं, कारण खरे आणि खोटे ही दोन्ही आपल्याकडची आडनावं आहेत. समजा, एका वाड्यात दोन कुटुंबं राहतात. खऱ्यांच्या घरातला प्रत्येक जण नेहमी खरं बोलतो, खोट्यांच्या घरातला प्रत्येक जण नेहमी खोटं. ओट्यावर तिघं बसलेत. गोदाक्का म्हणतात, "मी आणि नाना एकाच घरातले." नाना म्हणतात, "आम्हा तिघांत नेमके दोन जण खोट्यांच्या घरातले आहेत." बंडू गप्प आहे. कोण कुठल्या घरातलं?

इथे "असं धरून चालू" ही एकच युक्ती पुरते. पानाचे दोन भाग करा. डावीकडे गोदाक्का खऱ्यांच्या घरातल्या आहेत असं धरा. मग त्यांचं वाक्य खरं, नाना त्यांच्याच घरातले, म्हणजे नानाही खरे. उजवीकडे गोदाक्का खोट्यांच्या घरातल्या आहेत असं धरा. मग वाक्य खोटं, नाना त्यांच्या घरातले नाहीत, म्हणजे पुन्हा नाना खरेच! गोदाक्कांबद्दल अजून काहीच कळलेलं नाही, पण नाना मात्र पक्के झाले. आता नानांचं वाक्य डोळे मिटून मानता येतं: नेमके दोन जण खोटे. नाना त्यात नाहीत, म्हणून उरलेले दोघं, गोदाक्का आणि बंडू.

ज्याच्याबद्दल वाक्य बोललं जातं त्याचा उलगडा आधी होतो आणि बोलणाऱ्याचा नंतर, ही गंमत या प्रकारात बऱ्याचदा भेटते. वाट अडली की बोलणाऱ्यावर अडून न राहता ज्याच्याबद्दल तो बोलतोय त्याच्याकडे नजर वळवा.

आकड्यांची भीती घालवायची असेल तर

सुडोकूपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण त्यात बेरीज-वजाबाकी लागतच नाही. आकड्यांऐवजी नऊ फळं काढली तरी कोडं तेच राहील. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकी वास्तुरचनाकाराने तयार केलेलं हे कोडं १९७९ साली पहिल्यांदा छापलं गेलं, आणि सुडोकू हे नाव पुढे जपानमध्ये मिळालं. जो आकडा सर्वांत जास्त वेळा दिलेला असेल तो पहिल्यांदा पकडा आणि नऊही पेट्यांत त्याची जागा शोधा. रिकाम्या पेटीपासून सुरुवात करू नका. आणि एक लक्षात ठेवा: एकच उत्तर असलेल्या सुडोकूत किमान १७ आकडे दिलेले असावे लागतात, हे २०१२ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झालंय. कोणी पाठवलेल्या चौकटीत १६ च आकडे असतील तर ती अडण्यात तुमचा दोष नाही.

खरी अंकगणिताची कोडी मात्र वाचण्याचीच परीक्षा घेतात. आपल्याकडे तर संख्यांची नावंच कोडी घालतात. पावणेदोनशे म्हणजे १७५, सव्वाशे म्हणजे १२५, औट म्हणजे साडेतीन. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे हमखास अडखळतात, म्हणून माझ्या लेकीबरोबर मी आठवडाभर फक्त एवढंच खेळले: "पावणेदोनशे आणि सव्वाशे मिळून किती?" दुसऱ्या दिवसापासून ती आजोबांच्या पिढीचे शब्द बाजारात वापरायला लागली.

पुढची पायरी इष्टकर्माची. नाव जड आहे, कल्पना अगदी सोपी आहे: उत्तर माहीत नसेल तर सोयीची संख्या धरा, गणित पूर्ण करा आणि शेवटी प्रमाणात दुरुस्त करा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराला, ही रीत दिलेली आहे. त्यातलं भुंग्यांचं गणित असं: एका थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती?

पाच आणि तीन दोघांनीही भाग जाणारी संख्या धरा, समजा ३०. पाचवा हिस्सा ६, तिसरा १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. बेरीज २८, उरले २. कोड्यात तर एकच उरलाय. म्हणजे आपण दुप्पट धरलं होतं, खरं उत्तर १५. क्ष नाही, समीकरण नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या काळातला १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाच्या दानाची त्यात नोंद आहे. मुलांना घेऊन तिथे जाल तर वाटेत हे गणित त्यांना जरूर घाला.

ही रीत कुठे चालत नाही तेही सांगते. "पाचवा हिस्सा गेला आणि वर आणखी सात गेले" असं मध्येच एखादं सुटं मोजमाप आलं की प्रमाण बिघडतं. तिथे उलट्या बाजूने, शेवटाकडून सुरुवातीकडे यावं लागतं.

रोजच्या सरावाला मी सगळ्यांना एकच गोष्ट सुचवते, ती देवळालीची आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूला १९०५ साली झाला. १९३० ते १९६२ ही वर्षं ते देवळालीत शाळेत शिकवत होते आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत होते. १९४९ साली त्यांना सापडलेली गोष्ट अशी: चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं, आणि तिथून पुढे ते हलतच नाही.

त्यांचंच साल घेऊन बघा, १९४९:

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या! पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी वही घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर धावले होते.

इथेच ताळा घ्यायची सवय लावा. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करा: ८४४२ ची १८, ५९९४ ची २७, ५३५५ ची १८. दर वेळी नवाच्या पाढ्यातलीच संख्या. कारण वजा करताना वर आणि खाली तेच चार अंक असतात, त्यामुळे दोन्ही संख्यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच राहते आणि वजाबाकीत ती उडून जाते. बेरीज नवाच्या पाढ्यात बसली नाही तर वजाबाकी चुकली आहे. बसली तरी उत्तर बरोबरच असेल असं नाही: दोन अंकांची अदलाबदल ताळ्याला सापडत नाही. आणि मध्येच ९९९ आलं तर पुढे शून्य लावून ०९९९ धरा, नाहीतर गाडी रुळावरून उतरते.

आता शीर्षकातलं कोडं. अक्षरगणितात प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक.

काका + मामा + लाला = कामाला

का, मा, ला किती? अंदाजाने आकडे टाकत बसू नका, एककाची उभी रांग बघा. का + मा + ला या बेरजेच्या शेवटी पुन्हा ला च आला आहे. म्हणजे का आणि मा मिळून १० होतात आणि हातचा १ राहतो. दशकाच्या रांगेत तीच बेरीज आणि हातचा: १० + ला + १. तिच्या शेवटी मा यायला हवा, म्हणून मा हा ला पेक्षा एकने मोठा. पुढे जाणारा हातचाही १ च, म्हणून का = १. मग मा = ९ आणि ला = ८. पडताळा घ्या: ११ + ९९ + ८८ = १९८. असं मराठी कोडं स्वतः बांधून बघा, सोडवण्याइतकाच आनंद त्यात आहे.

शब्दांशी खेळताना अक्षर मोजा

शब्दांच्या कोड्यात नव्या माणसाचा पहिला गोंधळ मोजण्यात होतो. आपल्याकडे एकक आहे ते मात्रेसकट आख्खं अक्षर. 'का' एक, 'त्री' एक, 'क्षे' एक. शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसतं, जोडाक्षर असलं तरी. विलोमपदंही अशीच वाचायची: रा-मा-ला-भा-ला-मा-रा, उलटं वाचलं तरी "रामाला भाला मारा". "चिमा काय कामाची" घेतलं तर सुरुवातीला ऱ्हस्व चि आणि शेवटी दीर्घ ची येते. काटेकोर माणूस ते नाकारेल, मी चालवून घेते, पण कोडं घालणाऱ्याने नियम आधी सांगायला हवा. घरातल्या घरात शोधायला लागलात तर नवीन, जहाज, समास, नवजीवन असे शब्द सापडत जातात.

अक्षरं गाळायची कोडी मुलांना फार आवडतात. हे मी लेकीसाठी केलेलं:

तीन अक्षरी नाव माझं. शेवटचं काढलंत तर भिंतीवर चढते. मधलं काढलंत तर गुलाबजामात मुरतो. तिन्ही ठेवलीत तर भाजीवालीकडे जुडीत मिळतो आणि शाळेच्या सभेलाही बोलावला जातो.

अशा कोड्यात पहिल्या वाक्यापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. जिथे शक्यता कमी तिथून शिरा. भिंतीवर चढणाऱ्या गोष्टी पुष्कळ, पण गुलाबजामात मुरतो तो पाकच. पा आणि क मिळाले, मधे एकच अक्षर हवं, आणि पा ने सुरू होणारी भिंतीवरची पाल लगेच दिसते. पालक! शेवटच्या वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे, हेही टिपून ठेवा. मराठीत हा श्लेष पावलोपावली भेटतो.

आजीच्या तोंडची कोडी वेगळ्या जातीची. कोकणात आणि गोव्यात त्यांना हुमाण म्हणतात. "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया." इथे अक्षरं मोजून उपयोग नाही, चित्र डोळ्यासमोर आणावं लागतं: पांढरे, बारीक, न मोजता येण्याइतके, आणि त्यात एकच गोल, मोठा, चकचकीत. रात्री गच्चीवर विचारलंत तर उत्तर समोरच असतं. चांदण्या आणि चंद्र. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अशी कोडी विचारून वहीच्या मागच्या पानांवर लिहून घ्या. ती तिथे नाही उतरवली तर कुठेच उरणार नाहीत, याची मला मनापासून काळजी वाटते.

शब्दकोड्यासाठी सासूबाईंच्या दोन युक्त्या. सूत्र 'पळून जाणे', 'रुसून बसणे' असं णे-कारान्ती असेल तर शेवटच्या चौकटीत फिकट 'णे' लिहून ठेवायचा, आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांना त्याची मदत होते. आणि दोन-तीन अक्षरी शब्द आधी भरायचे नाहीत. लहान शब्दाला पर्याय भारंभार असतात, पाच अक्षरी शब्द सुचला तर तोच असण्याची शक्यता जास्त.

अडल्यावर

सुरुवातीला मी सहा महिने उत्तरं बघून पानं भरली. वही सुंदर दिसायची, पण नवं कोडं समोर आलं की हात रिकामे. आता माझा नियम असा: वीस मिनिटं प्रामाणिकपणे, मग रात्रभर राखून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या वाक्यापासून मोठ्याने वाचायचं. घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवलं तर फारच उत्तम, कारण वाचता वाचताच आपण गाळलेला शब्द कानावर पडतो. तरीही नाही सुटलं तर उत्तर बघा, पण फक्त पहिली पायरी. बाकीचं झाका. सोडवून झालं की वहीत एक ओळ लिहा: कुठे अडलं होतं. महिनाभराने त्या ओळी वाचल्यात तर तुमचा स्वतःचा ठरावीक चकवा कळेल. माझा "निदान एक" आणि "नेमका एक" यांची गल्लत करण्याचा होता.

कोड्यांनी स्मरणशक्ती सुधारते का, असं मला बरेच जण विचारतात. तसं आश्वासन मी कोणालाही देत नाही. नीट वाचायची आणि न घाबरता कागदावर मांडायची सवय मात्र लागते, ते मी आमच्या घरात रोज बघते.

पहिल्या आठवड्यासाठी

सोमवार: वरच्याच वाड्यात यमूताई शेजारच्या सुमनकडे बोट दाखवून म्हणतात, "आम्हा दोघींतली निदान एक तरी खोट्यांच्या घरातली आहे." कोण कुठली?

मंगळवार: डब्यातले निम्मे लाडू पाहुण्यांना दिले, उरलेल्यातला तिसरा हिस्सा मुलांनी खाल्ला, ८ उरले. मुळात किती होते? इष्टकर्माने करा.

बुधवार: कापरेकरांची कृती तीन अंकी संख्येवर करा. शेवटी कुठली संख्या येऊन थांबते?

गुरुवार: १९, २९, ३९ असं करत ९९ पर्यंत जा. यातल्या किती संख्यांची नावं 'एकोण'ने सुरू होतात?

शुक्रवार: तीन अक्षरी मी. शेवटचं काढा, जंगलात उभा. मधलं काढा, भाताबरोबर वाटीत. पहिलं काढा, फळाच्या पोटात. तिन्ही ठेवा, मुंबईला मला तीन बाजूंनी बघाल.

शनिवारी यातलं न सुटलेलं पुन्हा घ्या, आणि रविवारी स्वतः एक कोडं बांधून घरच्यांना घाला.

उत्तरं इथेच देते, पण शनिवारनंतर वाचा. यमूताई खोट्यांच्या घरातल्या असत्या तर त्यांचं वाक्य खरं ठरलं असतं, जे त्यांना बोलताच येणार नाही. म्हणून त्या खऱ्यांच्या घरातल्या आणि सुमन खोट्यांच्या. लाडू २४: सहा धरले तर दोन उरतात, आपल्याला चौपट हवेत. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबते, मात्र तिन्ही अंक सारखे नकोत. 'एकोण'ची नावं आठ, कारण शेवटी एकोणशंभर न म्हणता आपण नव्याण्णव म्हणतो. आणि शुक्रवारचा सागर: साग, सार, गर.